इतिहास-भूगोलाचा परवचा



वार्षिक परीक्षा आटोपल्या की आपल्या घरांतील इतिहास-भूगोलाची पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. गणिताचे पुस्तक एखादे वेळी धाकट्यासाठी राहते. इतिहासाला तेवढाही मान नाही. जूनमध्ये मुलाला 1761 सालच्या पानिपताविषयी विचारावे, तर तो आढ्याकडे पाहतो आणि आपण म्हणतो, पोराची बुद्धीच मंद! हा निवाडा अन्यायाचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून 1885 साली दाखवून दिले, की शिकलेले सर्वांत वेगाने गळते ते पहिल्या काही तासांत. पुढे गळती मंदावते. म्हणून शिकलेल्या धड्याला त्याच आठवड्यात पुन्हा हात लागला पाहिजे. पण कसा? मुले धडा पुन्हा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात. सारे ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा समज होतो. अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचला आणि मग तो बाजूस ठेवून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना शेकडा 42 आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 56.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणत, तोही पुस्तकावाचूनच. पाठांतराची हल्ली फार टवाळी होते. ती आम्हांला पटत नाही. मात्र पाढ्यांची रीत जशीच्या तशी इतिहासाला चालत नाही, कारण इतिहासाला कारणे असतात. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 ला झाले, एवढेच घोकले तर ती तारीख लोंबकळत राहते. 1 नोव्हेंबर 1956 चे द्वैभाषिक मुंबई राज्य का टिकले नाही, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले, की तारीख त्या हकिकतीला धरून राहते.

भूगोलासाठी तर पिंपळे गुरवचा नदीकाठच पुरे. पवना ओलांडून दापोडीकडे जाताना मुलाला विचारावे, हे पाणी जाते कुठे? दापोडी-सांगवीपाशी मुळेत, मग पुण्यात मुठा येऊन मिळते, पुढे भीमा, भीमेतून कृष्णा आणि अखेर बंगालचा उपसागर. अरबी समुद्राच्या इतक्या जवळ, सह्याद्रीत उगम पावलेली नदी पूर्वेची एवढी लांबची वाट का धरते, हे त्याने सांगावे. आठवड्याने पुन्हा विचारावे, महिन्याने पुन्हा.

कोणी म्हणेल, आम्ही कारखान्यात पाळ्या करणारी माणसे, आम्हांला कुठला इतिहास येतो? अहो, विचारणाऱ्याला तो यावा लागतच नाही! पुस्तक आपल्या हाती, उत्तर मुलाच्या तोंडी. मराठवाड्यातून, खानदेशातून पोटासाठी येथे आलेली, चारच इयत्ता शिकलेली आईदेखील धड्याचे नाव वाचून ‘यात काय होते, सांग बरे’ असे म्हणू शकते. शिकवणीची फी जेथे परवडत नाही, तेथेही हे जमते. मूल अडले तर रागावू नये; पुस्तक उघडून त्यालाच शोधू द्यावे. दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा परतणाऱ्या बापाने रविवारी विचारावे. मधले दिवस वाया गेले असे समजू नये. थोडे विसरल्यावर जे प्रयासाने आठवते, तेच अधिक पक्के बसते.