‘आवारा’मधली थप्पड



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सिनेमाचा अभ्यासक नाही. पण आमच्या कामात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. त्यामुळे दोघांच्या हातून घडलेल्या कामाकडे मी जरा निरखून पाहतो.

१९५१चा ‘आवारा’ घ्या. लेखन ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांचं, दिग्दर्शन राज कपूर यांचं. अब्बास अलीगढला कायदा शिकलेले, पेशाने पत्रकार. चोराचा मुलगा चोरच होतो का, हा या कथेचा प्रश्न. तसं मानणारा जज्ज रघुनाथ संशयावरून गरोदर बायकोला, लीलाला, घराबाहेर काढतो. त्याचाच मुलगा राज झोपडपट्टीत वाढतो आणि चोर होतो.

राज कपूर यांनी या प्रश्नाला चांदणं, होडी, गाणी आणि ते भव्य स्वप्नदृश्य दिलं. म्हणून तो लोकांच्या काळजात उतरला. आणि कथेने प्रेयसीला वकील केलं. रीटा भर कोर्टात राजची बाजू मांडते, खुद्द जज्जाला प्रश्न विचारते. हिंदी सिनेमात प्रेम असं न्यायाच्या बाजूने क्वचितच उभं राहिलं असेल.

मागच्या वर्षी मी आणि बायको घरी हा सिनेमा पाहत होतो. समुद्रकिनाऱ्यावर रीटा चेष्टेत राजला जंगली म्हणते. तो तिला थपडा मारतो आणि ती त्याच्याच पायाशी येते. बायकोने सिनेमा तिथेच थांबवला. म्हणाली, “हे तुला याआधी कधी खटकलं होतं?”

लहानपणापासून मी हा सिनेमा चार-पाच वेळा पाहिलाय. खरं सांगतो, नव्हतं खटकलं.

त्या रात्री लक्षात आलं. लीलाला घराबाहेर काढणं हा सिनेमा अन्याय ठरवतो. रीटाला मारलेली थप्पड मात्र प्रेमात जमा होते. लेखक पुरुष, दिग्दर्शक पुरुष, आणि पाहणारा मीही पुरुष. दोघांनी मिळून काम केलं तरी दोघांचीही नजर एकाच जागी अडली, तर चूक तशीच पुढे जाते.

आपणही सभांमधून स्त्रियांच्या न्यायाबद्दल तळमळीने बोलतो. पण घरातल्या कुठल्या गोष्टी आपण अजून प्रेमाच्या खात्यात टाकतो? आज घरी गेल्यावर हे आपल्या बायकोला, बहिणीला विचारा. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.