घोड्यावरून पडल्यावरची पहिली पाच मिनिटे

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. पुढे बँड, आजूबाजूला फटाके आणि घोडीवर जन्मात पहिल्यांदाच बसलेला नवरदेव. भोपाळला राज्याची घोडेस्वारी अकादमी आहे; तिथे प्रशिक्षक असतो, हेल्मेट असते. नवरदेवाच्या डोक्यावर नुसता फेटा. बसलेल्या स्वाराचे डोके जमिनीपासून सात-आठ फूट उंच, आणि खालचे जनावर आवाजाला बुजणारे.

माथेरानला तर रोजच नवखी माणसे घोड्यावर बसतात. तिथे मोटारींना बंदी. २००३ साली हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला. रुग्णवाहिकेला मात्र मुभा आहे. लाल मातीच्या वाटांवर घोडा उधळून पर्यटक दगावल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची सगळी भिस्त घोडेवाल्यावर आणि सोबतच्या माणसांवर.

ही माणसे काय करतात? धावत जाऊन पडलेल्याला बसते करतात, तोंडाला पाणी लावतात, नाकाशी कांदा धरतात. हेतू चांगला, पण मानेचे हाड मोडले असेल तर त्या एका उचलण्याने आयुष्यभराचे अपंगत्व येऊ शकते. बेशुद्ध माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाते.

‘सुपरमॅन’ची भूमिका करणारा अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह २७ मे १९९५ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका स्पर्धेत पडला. घोडा अडथळ्यापुढे अचानक थबकला आणि तो डोक्यावर आपटला. हेल्मेट होते, तरी मानेचे वरचे दोन मणके मोडले आणि श्वास थांबला. मदतनिसांनी काही मिनिटांत कृत्रिम श्वास सुरू केला म्हणून तो वाचला. मानेखालचे शरीर लुळे पडले, पण पुढे तो नऊ वर्षे जगला. हेल्मेट हवेच, मात्र ते कवटी सांभाळते, मान नव्हे.

म्हणून आधी कोणीतरी मोकळा घोडा धरावा आणि बाकीचे घोडे थांबवावेत, नाहीतर दुसरा माणूस तुडवला जातो. पाय रिकिबीत अडकला असेल तर घोडा पक्का धरल्यावरच सोडवावा. मग एकाने जखमीच्या डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे तसेच स्थिर धरावे. हेल्मेट श्वासाला अडथळा करत नसेल तर काढू नये. दुसऱ्याने १०८ ला फोन करून नेमकी जागा, जवळची खूण आणि जखमी शुद्धीवर आहे की नाही हे सांगावे. श्वास चालत नसेल तर मानेची भीती मागे ठेवून छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागावे: मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतका. श्वासच नसेल तर मान सांभाळून उपयोग नाही.

फसवी असते ती लाथ. पोटात लाथ बसलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, “काही नाही झालं” म्हणतो. आत प्लीहा किंवा यकृत फाटून रक्त साचत असते. चेहरा पांढराफटक पडणे, थंड घाम, पोट ताठरणे, चक्कर, यातले काहीही दिसले की तडक रुग्णालय गाठावे. डोक्याला मार बसलेला माणूस तोच तो प्रश्न विचारू लागला, ओकू लागला, गुंगू लागला, तर तेच. अशाला त्या दिवशी पुन्हा खोगिरावर चढवू नये, मग पाहुणे कितीही खोळंबोत.

रक्त वाहत असेल तर हळद भरण्याऐवजी स्वच्छ कापडाने दाबून धरावे. खरचटले असेल तर साबण-पाण्याने धुवावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत सापडतात आणि तबेल्याच्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात.