गद्धेपंचविशीची गाणी : आययूची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

लग्नाकार्यात हमखास भेटणारा एक प्रश्न असतो. "मग, आता पुढे काय?" मी चोवीस वर्षांचा आहे आणि या प्रश्नाला माझ्याकडे दर महिन्याला वेगळं उत्तर असतं. म्हणून आज बोलायचंय अशा एका गायिकेबद्दल, जिनं नेमक्या याच गोंधळावर गाणी लिहिली. कोरियाची आययू.

खरं नाव ली जी-उन, जन्म १६ मे १९९३. लहानपणी घरच्यांवर कर्जाच्या भानगडीत वाईट दिवस आले, आणि ती भावासोबत काही काळ आजीकडे एका खोलीत राहिली. वीसेक ऑडिशनमध्ये नकार पचवले. शेवटी सप्टेंबर २००८ मध्ये, पंधराव्या वर्षी, पहिलं गाणं आलं. गंभीर, संथ गाणं. चाललं नाही. पहिल्याच कार्यक्रमात प्रेक्षकांकडून शिव्या ऐकल्याचं तिनंच नंतर सांगितलंय.

मग डिसेंबर २०१० मध्ये आलं 'गुड डे'. त्याच्या शेवटी ती एक सूर धरते, त्याच दमात वर चढते, आणि परत वर. तीन पायऱ्या! सगळा कोरिया त्या तीन पायऱ्यांवर फिदा झाला. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि एका रात्रीत 'देशाची धाकटी बहीण' झाली. गोड, गुणी, सगळ्यांची लाडकी.

पण लाडकी बहीण मोठी होते तेव्हा काय होतं? खरी गंमत इथून पुढे आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. कोरियात पूर्वी बाळ जन्मलं की लगेच एक वर्षाचं धरायचे, आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचंच वय एकनं वाढायचं. सरकारी कामात ही पद्धत २०२३ मध्ये बंद झाली. आययूच्या गाण्यांतली वयं या जुन्या हिशोबाची आहेत.

२०१५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिनं 'ट्वेंटी-थ्री' लिहिलं. त्यात ती एक गोष्ट म्हणते आणि लगेच तिच्या उलट म्हणते. मोठं व्हायचंय, नाही व्हायचंय. खरी मी कोणती, ओळखा पाहू! ज्या अल्बममध्ये हे गाणं होतं, तो तिनं पहिल्यांदाच स्वतः निर्माती म्हणून केला होता. त्यातल्याच दुसऱ्या एका गाण्यावरून मोठा वाद झाला, आणि तिला जाहीर माफी मागावी लागली. लोकांना धाकटी बहीण हवी होती, आणि समोर उभी होती एक गोंधळलेली, हट्टी, स्वतःचं डोकं चालवणारी मुलगी.

तिनं लिहिणं सोडलं नाही. २०१७ मध्ये 'पॅलेट' आलं, पंचविसाव्या वर्षाचं गाणं. आवाज शांत. कुठेही तीन पायऱ्या नाहीत. सूर असा, की मला काय आवडतं ते मला जरासं कळायला लागलंय, आणि सगळ्यांना मी आवडत नाही हेही ठाऊक आहे. चालायचंच.

आपल्याकडे या वयाला गद्धेपंचविशी म्हणतात. म्हणजे गाढवपणा करायची मुदत पंचवीसपर्यंत! आययूला ऐकताना मला वाटतं, तो गाढवपणा लपवायची गरज नाही. नोंदवून ठेवला तरी चालतो.

मग २०२० मध्ये बीटीएसच्या शुगासोबत 'एट', अठ्ठाविसाव्या वर्षाचं. शुगाही तिच्याच वर्षी जन्मलेला. ठेका हलका, पण आतमध्ये गमावलेल्या माणसांची आठवण. आणि २०२१ मध्ये 'लायलॅक', विशीला निरोप. कोरियात या फुलाचा अर्थ 'तरुण दिवसांची आठवण' असा लावतात. निरोपाचं गाणं, पण रडकं अजिबात नाही. नाचावंसं वाटतं.

सप्टेंबर २०२२. सोलचं ऑलिंपिक स्टेडियम. दोन दिवस, ऐंशी हजारांहून जास्त माणसं. तिथे एकटीनं कार्यक्रम करणारी ती पहिली कोरियन गायिका. त्या काळात तिला कानाचा त्रास होता, भीती वाटत होती, हेही तिनं मंचावरच सांगितलं. आणि 'पॅलेट' यापुढे ठरलेल्या यादीत नसेल असं जाहीर केलं. कारण ती आता तीस वर्षांची झाली होती. ते गाणं पंचविशीतल्या आययूचं, ते तिच्याकडेच राहू दे.

विचार करा, हातातलं हिट गाणं कोण सोडतं? पण मला हेच सगळ्यात आवडलं. तेविसाव्या वर्षीचं उत्तर तिसाव्या वर्षी लागू पडलंच पाहिजे असं थोडंच आहे! त्या वेळी ते खरं होतं, बास.

तर आज एक काम करा. 'ट्वेंटी-थ्री', 'पॅलेट', 'एट', 'लायलॅक', याच क्रमानं ऐका. भाषा कळली नाही तरी आवाजातली बदलत जाणारी मुलगी कळेल. आणि पुढच्या लग्नात कुणी विचारलं, "पुढे काय?", तर बिनधास्त सांगा, या वर्षीचं उत्तर हे आहे, पुढच्या वर्षी परत विचारा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या!