मूत्रपरीक्षा आणि आपलें पचन



आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नव्हे, असें पुष्कळांस वाटेल. पंक्तीला बसलेल्यांनीं तर मला क्षमाच करावी. तरी पण त्यांनींही ऐकावें. कारण खाल्लेल्या अन्नाचें पुढें काय होतें, याच्याशींच आजच्या विषयाचा संबंध आहे. मी वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. मुलांस शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. या विषयाचा धडा मला घरींच मिळाला, आणि तो महाग पडतां पडतां राहिला.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बंधूचे डोळे पिवळे दिसूं लागले. कावीळ झाली, असें सर्वांनीं ठरविलें आणि त्याच्या गळ्यांत काविळीची माळ घातली. माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते, अशी समजूत. मी घरांतला शिकलेला; परंतु वडीलधाऱ्यांचें मन दुखवूं नये म्हणून गप्प बसलों. तीन आठवडे माळ लांबत होती, आणि बंधु रोडावत होता. त्याच्या लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला होता, आणि शौच शाडूच्या मातीसारखें पांढुरकें होत होतें. हें त्यास रोज दिसत होतें. पण अशी गोष्ट सांगावी कोणाला, या लाजेनें तो बोलला नाहीं.

अखेरीस आम्ही डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो याच दोन गोष्टींविषयीं, आणि लगेच मूत्र तपासावयास पाठविलें. त्यांत बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य पुष्कळ निघालें. युरोबिलिनोजेन नांवाचें दुसरें द्रव्य मात्र जवळजवळ नव्हतें.

याचा अर्थ काय, तो पाहूं. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी जुन्या झाल्या म्हणजे मोडतात, आणि त्यांच्यापासून बिलिरुबिन तयार होतें. यकृत त्यास पाण्यांत विरघळणारें रूप देऊन पित्ताबरोबर आंतड्यांत सोडतें. तेथील जंतु त्याचें युरोबिलिनोजेन करतात. त्याचा बराचसा भाग मळाबरोबर जातो, आणि मळास तपकिरी रंग येतो तो त्यापासूनच. थोडा भाग रक्तांत परत शोषला जाऊन किंचित् मूत्रांत उतरतो. म्हणून निरोगी मूत्रांत युरोबिलिनोजेन अल्प असतें आणि बिलिरुबिन आढळत नाहीं. आतां पित्ताचा पाट मध्येंच तुंबला अशी कल्पना करा. पित्त आंतड्यांत पोंचत नाहीं. मळ फिका पडतो, स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहींत, युरोबिलिनोजेन तयारच होत नाहीं. उलट तुंबलेलें बिलिरुबिन रक्तांत शिरून मूत्रावाटे बाहेर पडूं लागतें. बंधूच्या बाबतींत नेमकें हेंच झालें होतें. पुढें सोनोग्राफींत पित्तनलिकेंत खडा दिसला, आणि दुर्बिणीनें तो काढल्यावर प्रकृति सुधारली. तुंबलेल्या पित्तांत जंतूंचा शिरकाव झाला असता तर प्राणांशीं गांठ होती, हें डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें. तेव्हां माझें गप्प बसणें मला फार लागलें.

मूत्रावरून प्रकृति ओळखण्याचा प्रयत्न आपल्याकडे प्राचीन आहे. मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें प्रमेहाचें पूर्वलक्षण चरकसंहितेंत नमूद आहे. ही गोडी साखरेची, हें इंग्लंडांत मॅथ्यू डॉब्सन यानें मूत्र आटवून १७७६ सालीं दाखविलें. १९५६ सालीं मूत्रांत बुडवितांच साखर दाखविणारी कागदी पट्टी निघाली, आणि हें काम क्षणाचें झालें. अन्न पचून साखर रक्तांत गेली, पण तिचा उपयोग शरीरास करतां येत नाहीं, हें ती पट्टी सांगते. उपास फार घडला, अथवा मधुमेह बळावला, तर कीटोन द्रव्यें दिसतात. प्रथिनें वारंवार दिसलीं, तर मूत्रपिंडाकडे लक्ष द्यावें लागतें.

परंतु साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्यानें सर्व कांहीं पाहिलेलें असतें असें नाहीं. रक्तांतील साखर सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज सामान्यतः ती मूत्रांत उतरत नाहीं. म्हणून मूत्रांत साखर नाहीं, एवढ्यावरून मधुमेह नाहीं असें समजून श्रीखंडावर ताव मारणें बरें नव्हे. त्यासाठीं रक्तच तपासलें पाहिजे. पोटांतील व्रण किंवा आम्लपित्त यांचा निकालही मूत्रावरून लागत नाहीं. उलट बीट खाल्ल्यानें कित्येकांस लालसर आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीं गर्द पिवळी लघवी होते. तींत भिण्यासारखें कांहीं नसतें. पाणी कमी प्यालें तरी रंग गडद होतो. मात्र पाणी पिऊनही तो न निवळला, तर थांबूं नये. लाल रंगाचें कारण बीट नसेल, तरीही थांबूं नये.

तपासणीसाठीं सकाळचें पहिलें मूत्र, आरंभींचा थोडा भाग सोडून, स्वच्छ भांड्यांत घ्यावें आणि विलंब न लावतां पोंचवावें. तें उन्हांत ठेवूं नये. प्रकाशानें बिलिरुबिन नाहींसें होतें आणि निकाल चुकतो.

आपण जेवणाची चर्चा तासन् तास करतों, आणि त्याच अन्नाच्या शेवटाविषयीं बोलावयास लाजतों. माझ्या बंधूचें शरीर तीन आठवडे सांगत होतें. त्यानें तें लपविलें, आणि मीं विचारलें नाहीं. आपल्या घरांत कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर त्यास हा प्रश्न संकोच सोडून विचारा, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्या. माळ घालावयाचीच असेल तर ती बरें झाल्यावर, फुलांची घालावी.