नोकरी, सी.ए. फायनल आणि सोसायटीची खोली

(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘सी.ए. कसे व्हावे’. त्यावर क्लासवाले भरपूर बोलतात, फुकट बोलतात. मी त्यातल्या एकाच तुकड्यावर बोलणार आहे. आर्टिकलशिप संपली, फायनल राहिली आणि घराचा हप्ता किंवा वडिलांची रिटायरमेंट समोर दिसली म्हणून नोकरी धरली, अशा मुलांबद्दल. आपल्या चार विंगमध्ये सध्या अशी पाच जणं आहेत. मी स्वतः एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात नोकरी करत फायनलचे दोन्ही ग्रुप एकेक करून सोडवले, म्हणून बोलायचा थोडा अधिकार.

या मुलांचं दुखणं काय, ते आधी घरच्यांनी समजून घ्यावं. ऑफिसात ही मुलं ताळेबंद बनवतात, ऑडिटरला उत्तरं देतात, रिटर्न भरतात. पण फायनल पास होऊन इन्स्टिट्यूटचं सदस्यत्व आणि प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही. राबायचं यांनी, सही दुसऱ्याची. पगारातला फरक तर सगळ्यांना माहीतच आहे.

आता परीक्षेचा हिशेब. नव्या योजनेत फायनलचे दोन ग्रुप, प्रत्येकी तीन पेपर. (माझ्या वेळी चार-चार होते.) प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या बेरजेत 50 टक्के, दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. म्हणजे 70, 72 आणि 38 मिळाले तर बेरीज 180 होते, तरी ग्रुप गेला. 58, 48 आणि 43 मिळाले तर तिन्हीत पास, पण बेरीज 149. एका मार्कानं गेला! म्हणून ‘नापास झाला’ या शब्दात काय काय दडलेलं असतं ते बाहेरच्याला कळत नाही. पहिल्या मुलाला तर दोन पेपरांत 60 च्या वर मिळाल्यामुळे पुढच्या तीन परीक्षांपर्यंत त्या दोन पेपरांतून सूट मिळते, त्याला एकच पेपर द्यायचा उरतो. तो बराच पुढे गेलेला असतो. आणि आपण त्याला लिफ्टमध्ये विचारतो, “काय रे, कितवा अटेम्प्ट?” काकांनो, कृपा करून हे बंद करा. विचारायचंच असेल तर “चहा घेतोस का?” म्हणून विचारा.

दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत, एकाचे जास्तीचे मार्क दुसऱ्याला सावरतात, असं सर लोक सांगतात. ते खरं आहे, पण दिवसभर अभ्यास करणाऱ्यासाठी. नोकरीवाल्याचे तास मोजा. सकाळी दोन तास, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे 12. रविवारचे 7 धरा. झाले 19. वीस आठवड्यांत 380. तीन पेपरांना वाटले तर प्रत्येकी सव्वाशे तास येतात, सहांना वाटले तर जेमतेम त्रेसष्ट. त्रेसष्ट तासांत डायरेक्ट टॅक्सची एक उजळणीसुद्धा नीट होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: नोकरी असेल तर एकच ग्रुप.

रात्रीचे तास मी हिशेबात धरलेच नाहीत. डोंबिवलीला उतरून, भाजी घेऊन घरी साडेआठला पोचलेला माणूस जेवल्यावर पुस्तक उघडतो ते झोप यावी म्हणून. गाडीतल्या अभ्यासाचंही फार कौतुक नको. सकाळच्या फास्टमध्ये पुस्तक काय, हात वर करायला जागा नसते. कानात लेक्चर लावता येतं, तेवढंच. लिहिण्याचा सराव मात्र टेबलावरच होतो आणि या परीक्षेत घात होतो तो लिहिण्यात. पेपर दुपारी 2 ला सुरू होतो, म्हणून निदान रविवारी तरी जेवणानंतर लवंडायचं नाही, घड्याळ लावून तीन तास लिहायचं. घरच्यांनी त्या वेळात मिक्सर लावू नये.

परीक्षा कधीची धरायची, हाही मोठा प्रश्न. 2025 पासून फायनल जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते. अकाउंट्सवाल्याला दर महिन्याची 7 तारीख टीडीएसची, 11 आणि 20 जीएसटीची. त्यावर मेच्या आधी मार्च एंडिंग येतं आणि सप्टेंबरमध्ये 30 तारखेच्या टॅक्स ऑडिटची धावपळ. मग उरला जानेवारी. त्याच्या तोंडावर 31 डिसेंबरचा जीएसटीचा वार्षिक रिटर्न येतो खरा, पण तो नोव्हेंबरात उरकता येतो. साहेबांना जुलैतच सांगून ठेवावं आणि रजा साठवावी. ऐन वेळी मागितलेली रजा साहेबाला अडवावीच लागते, त्याचाही नाइलाज असतो. सणावाराची एकेक रजा घेत बसू नये, पेपर आणि त्यांच्या मधले दिवस मिळून सलग घ्यावी. गणपतीत मामाकडे मुलगा दिसला नाही तर मामींनी रागावू नये.

आता कमिटीसाठी. आपले फ्लॅट बहुतेक वन बीएचके. पहाटे 5 ला हॉलमध्ये दिवा लावला तर आजोबांची झोपमोड होते, म्हणून मुलं किचनच्या ओट्यावर वह्या ठेवून उभ्यानं लिहितात. मी हे दोन घरांत पाहिलंय. ऑफिसशेजारची खोली बारशाला आणि मीटिंगला वापरतो, पहाटे ती बंदच असते. ती रोज 5 ते 7 उघडी ठेवावी. एक ट्यूब, एक पंखा, भिंतीकडे तोंड करून पाच टेबलं. खजिनदार विजेच्या बिलाचं विचारणार हे माहीत आहे. पहिल्या वर्षाचा आकडा माझ्याकडे लावा. टेबलं सी विंगच्या गच्चीच्या जिन्यात पडून आहेत, पुसून घेतली की झालं.

किल्ली वॉचमनकडे ठेवायची की सेक्रेटरींकडे, तेवढं येत्या मीटिंगमध्ये ठरवा. पाच नावं मी लिहून दिली आहेत.