एकशे सत्तावीस दातांचं चाक

सांबऱ्याच्या रस्त्याने बेळगावात येऊन पुढे उद्यमबागेत शिरलात, की फाउंड्र्या आणि मशीन शॉपची रांगच लागते. इथल्या हायड्रॉलिकच्या कामात इंची आणि मेट्रिक अशा दोन्ही तऱ्हांचे आटे लागतात. अर्धा इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइप आट्यांच्या, फिटिंगला इंचात 14 आटे, तर साध्या एम 10 बोल्टला दीड मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर.

समजा, जुन्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा स्क्रू, इंचाला 4 आट्यांचा आहे. इंचाला 8 पाडायचे तर स्पिंडलकडे 40 दातांचा गिअर, स्क्रूकडे 80चा. मधला आयडलर हिशेबात धरायचा नाही.

मिलिमीटरचं असं सरळ जमत नाही. इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर, म्हणजेच 127 भागिले 5. आणि 127 ही मूळ संख्या, तिचे भाग पडत नाहीत. म्हणून तेवढ्याच दातांचा गिअर हवा. दीड मिलिमीटर पिचला स्पिंडलकडे 30, स्क्रूकडे 127. एवढं मोठं चाक बसत नसेल तर 63चं घेऊन दोन जोड्यांत भागवतात. शंभर मिलिमीटरला फरक जेमतेम सव्वा शतांश मिलिमीटर! बोल्टाला खुशाल चालेल, मायक्रोमीटरच्या स्क्रूला नाही.

इंची लीड स्क्रूच्या लेथवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट, म्हणजे लीड स्क्रूला धरणारा नट, मात्र मध्येच उघडू नका. टूल मागे घ्या, मशीन उलटं फिरवा. नाहीतर टूल भलत्याच जागी उतरतं आणि जॉब भंगारात. टूलचा कोनही वेगळा: मेट्रिकला 60 अंश, बीएसपीला 55. पहिला काप ओरखड्याएवढाच घ्या, पिच गेज लावून बघा, मग खोल जा.