जुन्या चित्रफितींचे रंग आणि स्कॅनरचा प्रकाश



डिसेंबर १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले आणि पुढे दिल्लीस दरबार भरला. त्या दौऱ्यातील सोहळ्यांचे चित्रण चार्ल्स अर्बन यांच्या कंपनीने ‘किनेमाकलर’ या पद्धतीने केले व १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनमध्ये दाखविले. सुमारे अडीच तासांच्या त्या चित्रपटाचा फार थोडा भाग आज शिल्लक आहे. दरबारानंतरच्या लष्करी संचलनाचा एक तुकडा २००० साली रशियातील क्रास्नोगोर्स्क येथील चित्रसंग्रहात सापडला.

नवल असे की, रंगीत म्हणून गाजलेल्या या फितीवर रंगाचा एक कणही नाही. फीत कृष्णधवलच होती. कॅमेऱ्यापुढे तांबड्या व हिरव्या गाळण्यांचे चक्र फिरत असे. त्यामुळे एक चौकट तांबड्या प्रकाशात, तर पुढची हिरव्या प्रकाशात टिपली जाई. दाखविताना प्रक्षेपकापुढेही तसेच चक्र फिरे. सेकंदाला सुमारे ३२ चौकटी डोळ्यांपुढून सरकत आणि दोन्ही रंगांचा मिलाफ प्रेक्षकाच्या दृष्टीतच होई. अशी फीत आजच्या स्कॅनरमध्ये घातली, तर हाती येते ते लुकलुकणारे करडे चित्र. मग संगणकावर चौकटींच्या जोड्या जुळवून रंग उभा करावा लागतो. पण जोडीतील दोन चौकटी एकाच क्षणीच्या नसतात. चालत्या शिपायाच्या पायाला एका बाजूने तांबडी, दुसऱ्या बाजूने हिरवी कड दिसते. हा दोष १९१२ च्या प्रेक्षकांनीही पाहिला होता. संगणकाने तो पुसता येतो. परंतु पुसलेले चित्र त्या काळचे राहत नाही, हे विसरता कामा नये.

मूकपटांच्या काळात रंग भरण्याच्या इतरही रीती होत्या. रात्रीच्या प्रसंगाची फीत निळ्या रंगात बुडवीत, आगीच्या प्रसंगाची तांबड्या रंगात. काही फितींवर कारागीर कुंचल्याने चौकटीमागून चौकट रंगवीत. आपल्याकडे प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती १९३३ साली जर्मनीत तयार करविण्यात आल्या, रंग मात्र मनासारखे उतरले नाहीत. १९५० साली आलेल्या ईस्टमनकलरने रंगीत चित्रपट स्वस्त व सुलभ केला, पण त्या काळच्या प्रतींतील रंगद्रव्ये टिकाऊ नव्हती. निळसर-हिरवे द्रव्य आधी विटते आणि सारा चित्रपट गुलाबी पडतो.

अडचण नेमकी येथे आहे. अनेक आधुनिक स्कॅनर तांबडा, हिरवा व निळा अशा तीन अरुंद पट्ट्यांचा प्रकाश फितीवर टाकतात. हे पट्टे अलीकडच्या फिल्ममधील रंगद्रव्ये लक्षात घेऊन निवडलेले असतात. जुनी द्रव्ये प्रकाश शोषतात ती वेगळ्याच ठिकाणी. परिणामी, डोळ्याला स्पष्ट वेगळ्या दिसणाऱ्या दोन छटा यंत्राला सारख्याच वाटतात, किंवा एखादा रंग उगाच काळवंडतो. जे टिपलेच गेले नाही, ते नंतरच्या दुरुस्तीने परत येत नाही. झुरिच विद्यापीठातील चित्रपटशास्त्रज्ञ बार्बरा फ्ल्यूकिगर यांनी ऐतिहासिक चित्रपटरंगांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि यावर उपाय म्हणून बहुवर्णपट स्कॅनिंगचा पाठपुरावा केला. यात एकच चौकट प्रकाशाच्या अनेक अरुंद पट्ट्यांत पुन्हा पुन्हा टिपतात आणि प्रक्षेपकाच्या दिव्यात ती डोळ्याला कशी दिसली असती, याचे गणित संगणक करतो.

हे काम सावकाशीचे आहे. दोन तासांच्या बोलपटात १,७२,८०० चौकटी असतात. प्रत्येक चौकट अनेकदा टिपावयाची म्हटल्यावर वेळ आणि साठवणुकीचा खर्च किती वाढेल, हे सांगावयास नको. शिवाय जुनी फीत आक्रसलेली असते. दातेरी चाकावर चढविली तर कडेची छिद्रे फाटतात. म्हणून ती दाते नसलेल्या रुळांवरून हळुवार नेतात. ओरखडे असतील तर फितीच्या पायाइतकाच प्रकाश वाकविणाऱ्या द्रवात ती भिजवून टिपतात. द्रव ओरखड्यात भरतो आणि तो दिसेनासा होतो. युक्ती साधी, पण मोठ्या कामाची.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. जानेवारी २००३ च्या आगीत तेथील अनेक नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा २०२२ साली करण्यात आली. स्कॅनिंग झाले म्हणजे मूळ फीत अडगळीची झाली, असा समज मात्र कोठे कोठे आढळतो. तो घातक आहे. आजच्या यंत्राने न टिपलेला रंग त्या फितीतच असतो. ती थंड व कोरड्या कोठीतच राहावयास हवी.

जुन्या निर्मात्यांच्या आणि चित्रपटगृहांच्या माळ्यांवर फितींचे डबे अजूनही निघतात. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फितीचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. अशी फीत प्रक्षेपकावर चढवून पाहण्याचा मोह टाळावा, तिचा डबा इतर डब्यांपासून वेगळा ठेवावा आणि विनाविलंब संग्रहालयाशी संपर्क साधावा.